वारा कोण अंगावर घेतो?

दर एप्रिल महिन्यात आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर याद्या फिरतात. जयंतीच्या निमित्ताने कोणते चित्रपट पाहावेत, कोणते दाखवावेत. 'फॅन्ड्री' असतो, 'कोर्ट' असतो, 'काला' असतो. या यादीत आज मी एक असं नाव घालणार आहे की ते वाचून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. स्पेनमधल्या एका व्यावसायिक सायकल टीमवरचा हा माहितीपट आहे. त्यात कुठे निळा झेंडा नाही, जातीचा उल्लेख नाही, भारताचा तर संबंधच नाही. तरीही नेतृत्व, श्रम आणि 'मेरिट' या तीन गोष्टींवर आपल्या अभ्यासवर्गात बोलायचं असेल तर हे सहा भाग जेवढे उपयोगी पडतील तेवढी दहा भाषणं पडणार नाहीत, असं माझं मत आहे. ते का, हे इथे मांडतो.

माहितीपटाचं मूळ स्पॅनिश नाव 'एल दिआ मेनोस पेन्सादो', इंग्रजीत 'द लीस्ट एक्स्पेक्टेड डे'. अर्थ साधारण असा की, कुणाच्या ध्यानीमनी नसतं तोच दिवस. मोव्हिस्टार या टीमच्या २०१९च्या हंगामात कॅमेरा टीमच्या बसमध्ये, हॉटेलच्या खोल्यांत, प्रशिक्षकांच्या गाडीत फिरतो. मार्च २०२०मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. टीमचा कारभारी युसेबियो उन्सुए. ही टीम १९८०पासून चालू आहे, फक्त पैसे देणारी कंपनी बदलली की नाव बदलतं. कधी रेनॉल्ड्स, कधी बानेस्तो, आणि २०११पासून मोव्हिस्टार. मोव्हिस्टार हा टेलिफोनिका या दूरसंचार कंपनीचा ब्रँड आहे. तो स्पेनमध्ये चालतो तसाच त्या वेळी लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांतही चालायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता खेळाचं गणित. ते समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

टूर द फ्रान्स, जिरो दि'इटालिया आणि स्पेनची व्हुएल्टा या तीन मोठ्या शर्यती. प्रत्येकी तीन आठवडे, एकवीस टप्पे. एका टीमचे आठ सायकलपटू. बक्षीस मात्र एकाच्या नावावर. मग बाकीचे सात काय करतात? ते वारा अंगावर घेतात. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं तर सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते, मोठ्या घोळक्याच्या आत असाल तर त्याहूनही जास्त. म्हणून टीम आपल्या नेत्याला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर आडोशाला ठेवते. त्याची सायकल पंक्चर झाली तर हे लोक आपलं चाक काढून देतात. मागे गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या अंगावरच्या जर्सीत कोंबून पुन्हा पुढे आणतात. शेवटच्या घाटात नेता ताजातवाना असतो आणि हे सगळे एकेक करून गळून मागे पडलेले असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो नेत्याचा.

या माणसांना सायकलिंगच्या भाषेत 'डोमेस्टिक' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ घरगडी. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये 'ग्रेगारिओ', म्हणजे कळपातला. 'डोमेस्टिक' या शब्दाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १९११च्या टूर द फ्रान्समध्ये मोरिस ब्रोको नावाचा सायकलपटू मागे पडला आणि त्याने इतरांना पैसे घेऊन मदत करायची तयारी दाखवली. टूर सुरू करणारा संपादक आंरी देग्रांज याने तुच्छतेने त्याला घरगडी म्हटलं. अपमान झालेल्या ब्रोकोने लगेच पुढचा टप्पा जिंकून दाखवला. तरी त्याला शर्यतीबाहेर काढण्यात आलं. म्हणजे शिवी आधी आली आणि पुढे तीच कामाचं नाव झाली. शिवीचंच नाव झालेल्या समाजात जन्मलेल्यांना हा प्रवास समजावून सांगायची गरज नाही.

मेरिट नावाचा आडोसा

आपल्या मुलांना कॉलेजात, ऑफिसात, मुलाखतीत एकच शब्द फेकून मारला जातो, मेरिट. 'तुम्ही कोट्यातून आलात, आम्ही मेरिटवर.' मला स्वतःला हे एका सरकारी कार्यालयात, शेजारच्याच टेबलावरून, चहा पिता पिता हसत ऐकवलं गेलं आहे. त्यावर आपण आकडे देतो, घटनेची कलमं सांगतो. ते दिलेच पाहिजेत. पण हा माहितीपट पाहताना मला एक वेगळं उत्तर सापडलं.

सायकलपटू पहिला येतो तेव्हा तो खोटा नसतो. शेवटचा घाट त्याने स्वतःच्याच पायांनी चढलेला असतो. त्याची मेहनत खरी, फुप्फुसं खरी. पण त्याच्या पायात त्या वेळी जी ताकद शिल्लक होती ती शिल्लक राहिली कशी? तर दिवसभर दुसऱ्या कुणीतरी वारा अंगावर घेतला म्हणून. सायकलिंगच्या जगाला हे माहीत असतं, म्हणून तिथे बक्षिसाची रक्कम टीममध्ये वाटून घ्यायची पद्धत आहे. जिंकणारा माईक हातात आला की पहिल्यांदा सहकाऱ्यांची नावं घेतो. नाही घेतली तर त्याला कृतघ्न म्हणतात.

आता आपल्याकडच्या मेरिटवाल्यांकडे पाहा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची शेतं दुसऱ्यांनी कसली, ज्यांची गुरं दुसऱ्यांनी ओढून नेली, ज्यांची गटारं दुसऱ्यांनी उपसली, ज्यांच्या घरची भांडी दुसऱ्यांनी घासली, त्यांच्या मुलाला अभ्यासाला चार तास जास्त मिळाले. तो हुशार नव्हता असं मी म्हणत नाही. तो आडोशाला होता एवढंच म्हणतो. आणि आमचा पोरगा त्याच परीक्षेला बसला तेव्हा तो दिवसभर वाऱ्यात सायकल मारून आला होता. आरक्षण म्हणजे काय? ज्यांनी शतकानुशतकं वारा अंगावर घेतला त्यांना थोडा वेळ आडोसा मिळावा, एवढीच ती मागणी. सायकलिंगमध्ये याला भीक म्हणत नाहीत. आळीपाळीने पुढे येणं म्हणतात.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. डोमेस्टिक आणि अस्पृश्य एकच, असं मी म्हणत नाही. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विच्छेदन'मध्ये कामाची वाटणी आणि काम करणाऱ्या माणसांची वाटणी यांत जो फरक केला, तोच इथे कामाला येतो. डोमेस्टिकचं काम ठरलेलं असतं, पण ते जन्माने ठरलेलं नसतं. त्याला पगार असतो, करार असतो, तो करार संपवून तो दुसरीकडे जाऊ शकतो. उद्या पाय चालले तर तो नेता होऊ शकतो. आणि सर्वांत मोठा फरक पाण्याचा. डोमेस्टिकच्या घामेजलेल्या जर्सीतून निघालेली बाटली नेता क्षणाचाही विचार न करता तोंडाला लावतो. ज्या देशात चवदार तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली आपल्या माणसांची डोकी फुटली, त्या देशाच्या प्रेक्षकाला हे दृश्य वेगळंच दिसणार.

आणि आपल्याकडचा खेळ कसा होता? पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजात जन्मलेला, पुण्याच्या जिमखान्यावर मैदानाची कामं करता करता इंग्रजांना नेटमध्ये गोलंदाजी टाकणारा. हिंदूंच्या संघाला त्याच्या डावखुऱ्या फिरकीची गरज होती, म्हणून मैदानात चेंडू त्याच्या हातून चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदूंचं कर्णधारपद त्याला कधी मिळालं नाही. ते १९२३मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही भावांनी केलेल्या निषेधानंतर. म्हणजे वारा अंगावर घ्यायला बाळू, आणि कर्णधार मात्र दुसरा. डोमेस्टिकलाही नेता होण्याचा मार्ग मोकळा असतो. बाळूचा मार्ग जन्मानेच बंद केलेला होता.

ज्याला कुणी मोजलं नाही

माहितीपटातला जिरोचा भाग पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे. २०१९च्या जिरोसाठी टीमचं मुख्य नाव होतं मिकेल लान्दा, बास्क प्रदेशातला. विश्वविजेता आलेहान्द्रो वाल्वेर्दे दुखापतीमुळे आलाच नाही. टीममध्ये आणखी एक होता, इक्वेडोरचा रिचर्ड कारापास. कोलंबियाच्या सीमेलगतच्या कार्ची प्रांतातल्या एल कार्मेलो या डोंगराळ गावचा. शेतकरी घर, गाईंचं दूध काढणं हे लहानपणापासूनचं काम. त्याची पहिली सायकल वडिलांनी भंगारातून आणलेली.

चौदाव्या टप्प्यावर, आल्प्समध्ये, शर्यतीचे दोन मोठे दावेदार विन्चेन्झो निबाली आणि प्रिमोझ रोग्लिच एकमेकांवर डोळे लावून होते. दोघांच्याही हिशेबात कारापास नव्हता. तो निघाला. हे दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. कुर्मायरला पोचला तेव्हा गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर होती आणि ती त्याने २ जूनला वेरोनात शेवटपर्यंत टिकवली. जिरो जिंकणारा तो इक्वेडोरचा पहिला माणूस.

प्रस्थापितांचं हे एक जुनं दुखणं आहे. त्यांना फक्त एकमेकांची भीती वाटते. ज्याला ते मोजतच नाहीत तो पुढे निघून गेल्यावर त्यांना तो 'अचानक' आल्यासारखा वाटतो. कारापास अचानक आला नव्हता. पहाटे दूध काढून डोंगरात सायकल मारणारा मुलगा वर्षानुवर्षं येतच होता. त्यांची नजर तिकडे नव्हती.

त्या दिवसापासून टीमने भूमिका बदलली. नेता म्हणून आलेला लान्दा कारापाससाठी राबला. शेवटी लान्दाचा तिसरा क्रमांक अवघ्या आठ सेकंदांनी हुकला. ती आठ सेकंदं त्याच्या मनात राहिली असणारच. पण रस्त्यावर जो बलवान ठरला त्याच्यासाठी आधीच्या नेत्याने वारा अंगावर घेतला, हे घडलं. आपल्या चळवळीत हे दृश्य तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? प्रामाणिकपणे आठवून सांगा.

याच कारापासने पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं, आणि जिंकल्यावर देशाने आपल्याला कधी पाठबळ दिलं नाही असं जाहीरपणे बोलून दाखवलं. पदक मिळालं की मिरवायला सगळे असतात, हे त्याला माहीत होतं.

किंतानाची शांतता

माहितीपटाचा दुसरा नायक, किंवा खरं तर ज्याच्याभोवती सगळं फिरतं पण जो फारसं बोलत नाही, तो म्हणजे नैरो किंताना. कोलंबियातल्या बोयाका प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला. घरचे भाजीपाला-फळं विकायचे. डोंगरातली शाळा लांब, म्हणून सायकल. २०१४चा जिरो आणि २०१६ची व्हुएल्टा त्याने जिंकली, टूर द फ्रान्समध्ये दोनदा दुसरा आला. २०१३मध्ये कोलंबियातले शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा त्याने त्यांची बाजू घेतली होती.

आपल्या अभ्यासवर्गातल्या मुलांना मी हा माहितीपट दाखवला. एका मुलीने मध्येच विचारलं, "दादा, हा माणूस एवढा मोठा आहे तर त्याच्याबद्दल दुसरेच का बोलतायत?" तिने नेमकं टिपलं. प्रशिक्षक बोलतात, कारभारी बोलतो, सहकारी बोलतात. किंतानाचा चेहरा दिसतो. टीमने त्याला वंशभेदाची वागणूक दिली, असा आरोप मी करत नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण कॅमेऱ्यासमोर आणि पत्रकारांसमोर सफाईने बोलता येणं हीसुद्धा एक वारशाने मिळणारी गोष्ट असते. जो बोलत नाही त्याच्या शांततेचा अर्थ मग इतर लोक लावतात. घमेंडी, थंड, कळत नाही याच्या मनात काय आहे. आमच्या कितीतरी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांबद्दल प्राध्यापकांच्या खोलीत हेच शब्द वापरले जातात.

युरोपच्या या खेळात रंगाचा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतल्या सायकलपटूंच्या संघटनेने १८९४मध्ये काळ्या लोकांना सभासदत्व बंद केलं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९९मध्ये, मेजर टेलर हा काळा सायकलपटू मॉन्ट्रियलला विश्वविजेता झाला. १९३२मध्ये तो शिकागोत कफल्लक अवस्थेत मेला. २०२०च्या टूर द फ्रान्समध्ये १७६ जणांत केविन रेझा हा एकच कृष्णवर्णीय होता. टोकियोत जर्मन संघाचा अधिकारी अल्जेरिया आणि इरिट्रियाच्या सायकलपटूंना उद्देशून 'उंट हाकणारे' असं ओरडला आणि त्याला परत पाठवावं लागलं. आणि २०२४मध्ये इरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने टूरचे तीन टप्पे आणि हिरवी जर्सी जिंकली. अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून नाव घेऊन १९७२मध्ये ज्यांनी दलित पँथर उभी केली, त्यांच्या वारसांना ही नावं ठाऊक असली पाहिजेत.

सायकल आपलीही आहे

सायकल म्हटलं की मला माझे वडील आठवतात. नगरपालिकेत सफाई कामगार. त्यांच्या तरुणपणी मराठवाड्यातल्या आमच्या गावात त्यांनी सेकंडहँड सायकल घेतली. वेशीतून आत आलं की मोठ्या वाड्यासमोर सायकलवरून उतरायचं, हातात धरून चालायचं, वळण गेलं की पुन्हा बसायचं. तसा कुणी बोर्ड लावलेला नव्हता. एकदा ते उतरले नाहीत. पुढे काय झालं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्या वर्षी त्यांनी गाव सोडलं. शहरात आल्यावर चाळीस वर्षं त्यांनी सायकल चालवली आणि कुणासाठीही ते उतरले नाहीत. लोक सायकलला गरिबाचं वाहन म्हणतात. आमच्या घरात ती सन्मानाची गोष्ट होती.

आणि आपलीही एक सायकल टीम होती, हे किती तरुणांना माहीत आहे? मान्यवर कांशीराम साहेब पुण्यात असताना संघटनेच्या कामासाठी सायकलवर फिरायचे. १९८३मध्ये डीएस-फोरच्या वतीने ते सुमारे शंभर सायकलस्वार घेऊन निघाले. सात राज्यं, चाळीस दिवस. पुढच्याच वर्षी १४ एप्रिलला बहुजन समाज पक्ष स्थापन झाला. त्या मोर्चात कुठला प्रायोजक नव्हता, मागे पाण्याची गाडी नव्हती. नेता स्वतः सायकलवर होता. वारा त्याच्याही तोंडावर येत होता. म्हणून मागचे शंभर जण पायडल मारत राहिले.

तीन नेते, शून्य विजय

आता सर्वांत कडू भाग. जुलै २०१९च्या टूर द फ्रान्ससाठी मोव्हिस्टारने तीन नेते उतरवले: किंताना, लान्दा, वाल्वेर्दे. कागदावर एवढी ताकद फारच थोड्या टीमकडे होती. चौदाव्या टप्प्यावर, तुर्मालेच्या घाटात, मोव्हिस्टारच्याच माणसांनी पुढे येऊन वेग वाढवला आणि त्या वेगात मागे पडला कोण? त्यांचाच किंताना. पुढे त्याने गालिबिए ओलांडून व्हालोआरचा टप्पा जिंकला, पण तोवर मुख्य शर्यत हातची गेली होती. पॅरिसला निकाल लागला तेव्हा लान्दा सहावा, किंताना आठवा, वाल्वेर्दे नववा. टीमचं सांघिक बक्षीस मात्र मोव्हिस्टारलाच. पहिल्या नऊत तीन जण, आणि पहिल्या तिघांत एकही नाही. त्या वर्षी जिंकला कोण? इनिओस टीमचा एगन बेर्नाल, तोही कोलंबियाचाच. त्याच्या टीममध्येही आदल्या वर्षीचा विजेता गेरंट थॉमस होता. पण तिथे दोघांचा निकाल रस्त्यावर लागला आणि थॉमस दुसरा आला.

व्हुएल्टात तर आणखी वाईट. नवव्या टप्प्यावर, अँडोरात, मार्क सोलेर हा तरुण पुढे निघाला होता, टप्पा जिंकण्याच्या बेतात. गाडीतून आदेश आला, थांब, मागून किंताना येतोय, त्याच्यासाठी ओढ. सोलेरने हात झटकून, चिडून आपला राग सगळ्या जगासमोर दाखवला. मग थांबला. पुढे माफीही मागितली. किंतानाला त्या दिवशी लाल जर्सी मिळाली आणि दुसऱ्याच टप्प्यात ती गेली. वर्षाअखेर किंताना, लान्दा आणि कारापास तिघेही टीम सोडून तीन वेगवेगळ्या टीममध्ये गेले.

हे पाहताना मला १९९८ आठवलं. त्या वर्षी रिपब्लिकन ऐक्याच्या बळावर महाराष्ट्रातून आपले चार खासदार लोकसभेत गेले: प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून, रामदास आठवले मुंबईतून. चौघेही सर्वसाधारण मतदारसंघांतून. वस्त्यावस्त्यांत लोकांनी पेढे वाटले होते. आणि वर्षभरात ते ऐक्य राहिलं नाही. पक्षाच्या नावापुढे कंसात नेत्याचं नाव लिहायची पद्धत आपण सुरूच ठेवली. कोण बरोबर, कोण चूक, याची चर्चा पंचवीस वर्षं चालली आहे. मी त्यात पडत नाही. मी विचारतो ते सोलेरबद्दल. त्या चौघांसाठी सतरंज्या टाकणारे, भिंती रंगवणारे, रात्री पोस्टर चिकटवणारे, मोर्चात पुढे राहून लाठी खाणारे हजारो सोलेर होते. त्यांना कुणी विचारलं? फुटताना त्यांचं मत घेतलं?

काही मित्र म्हणतील, हा सगळा कंपन्यांचा खेळ, त्यातून आपण काय शिकायचं? मुद्दा बरोबर आहे. मोव्हिस्टार कोलंबिया आणि इक्वेडोरमध्येही मोबाइल सेवा विकत होती. किंताना-कारापासच्या अंगावरची जर्सी ही जाहिरात होती, समतेची घोषणा नव्हे. याच संस्थेची महिलांची टीम २०१८पासून आहे, पण या सहा भागांचा केंद्रबिंदू पुरुषांची टीमच आहे. माहितीपट या गोष्टींवर बोट ठेवणार नाही. ते आपण ठेवायचं. पण जी कंपनी पैशासाठी स्वतःच्या टीमची भांडणं जगाला दाखवते, तिच्याइतकाही उघडेपणा आपल्या संघटनांत का नाही? आपली भांडणं बंद खोलीत होतात आणि फक्त त्यांचा निकाल बाहेर येतो, नव्या लेटरहेडवर.

म्हणून ज्या तरुणांच्या हातात आज मंडळं, वाचनालयं, विद्यार्थी संघटना आहेत, त्यांच्यापुढे काही साध्या गोष्टी ठेवतो. कोणतंही आंदोलन सुरू करताना नेतृत्व कुणाचं, हे आधी उघडपणे ठरवा, आणि रस्त्यावर दुसरा कुणी बलवान ठरला तर बदलायची तयारी ठेवा. वारा अंगावर घ्यायचं काम आळीपाळीने करा. गेल्या वर्षी ज्याने सतरंजी उचलली तो या वर्षी मंचावर बसेल आणि मंचावरचा सतरंजी उचलेल. कार्यक्रमाच्या अहवालात पाहुण्यांच्या आधी राबणाऱ्यांची नावं लिहा. स्वयंपाक आणि झाडू मुलींकडे आणि माईक मुलांकडे, ही वाटणी तर आजच बंद करा. ती वाटणी आपली नाही, मनूची आहे. आणि कुणाला थांब म्हणायचं असेल तर का थांबायचं हे त्याला सांगा. सोलेर थांबला, पण त्याला कारण पटलेलं नव्हतं. न पटता थांबलेला कार्यकर्ता पुढच्या वर्षी आपल्यात राहत नाही.

विभूतिपूजेच्या धोक्याबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावून ठेवलं आहे. नेत्याला आडोसा देणं म्हणजे विभूतिपूजा नव्हे, ते रणनीतीचं काम आहे. पण आडोसा देणाऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क नसेल, तर तो घरगडीच. आणि घरगडी होण्यासाठी आपल्या आजा-पणजांनी गावकीची कामं सोडलेली नाहीत.

येत्या रविवारी तुमच्या वस्तीत, तुमच्या हॉस्टेलवर हे सहा भाग लावा. पाहून झाल्यावर टाळ्या वाजवू नका. एकच प्रश्न मध्ये ठेवा: आपल्या मंडळात गेली पाच वर्षं वारा कुणी अंगावर घेतला? नावं फळ्यावर लिहा. मग त्यातल्या एकाला पुढच्या बैठकीचा अध्यक्ष करा.

जय भीम!